खजूर खाली उतरत नव्हता

"ढकलू नकोस गं. नुसता मागनं ब्रश टेकव, तो आपला आपण चालतो."

"चालतोय कुठं? मुद्दाम बसलाय."

"अबोली, आठ महिन्यांचं पिल्लू आहे ते. मुद्दाम बिद्दाम काही नसतं त्याच्यात."

सानिकाताईच्या हातात जुनी डबी होती आणि माझ्या हातात रंगकामाचा बारीक ब्रश. आमच्या मधे, शेडनेटखालच्या लाकडी टेबलावर, मी तयार केलेला नवा डबा. डबीत खजूर. खजूर म्हणजे टॅरँट्युला. केसाळ कोळी, पण अजून पोर. सगळे पाय पसरले तर पाच रुपयाच्या नाण्याबाहेर जरा जरा यायचे, एवढाच. रंग खजुरासारखा, म्हणून नाव खजूर. जात दक्षिण अमेरिकेतली, पण जन्म बंगळुरात कुणाच्या तरी कपाटात झालेला, असं ताई सांगायची.

मी परत ब्रश टेकवला. खजूर एकदम निघाला, डबीच्या काठावरनं नव्या डब्यात उतरला, मातीवर चार पावलं टाकली आणि थांबला. मग पुढचा एक पाय उचलला. तो ठेवला, दुसरा उचलला. दुपारी अनवाणी डांबरी रस्त्यावर उभं राहिलं की आपण करतो तसं. आणि सरळ वळून प्लास्टिकच्या भिंतीवर चढला. चढला तो थेट झाकणापर्यंत.

"हे काय?" मी म्हटलं.

"होतं असं. नवीन घर आहे. दोन-तीन दिवस भिंतीला चिकटून राहतात, मग उतरतात. माती कसली घातलीस? काही मिसळलेलं नाही ना?"

"कोकोपीट. आमचंच आहे."

"ओलं किती?"

"मुठीत दाबलं तर पाणी येत नाही आणि उघडली तर गोळा फुटत नाही."

ताई खूश झाली. नारळाच्या काथ्याच्या भुशाची ती माती जमली होती, चार बोटं जाड. आडोशाला सालीचा तुकडा अर्धा पुरलेला, पाण्याला बाटलीचं झाकण, हवेला दाभण तापवून पाडलेली भोकं. सगळं तिनं सांगितल्याबरहुकूम. तिनं झाकण लावलं आणि बोट उगारलं. "आता आठ दिवस याला हात लावायचा नाही. जागा हलवायची नाही, सारखं उघडून बघायचं नाही, खायला घालायचं नाही. त्याला त्याचं घर करू दे."

"आठ दिवस नुसतं बघायचं?"

"बघायचं पण नाही खरं तर."

ती स्कूटीवर बसून गेली. ताई हडपसरला हॉस्टेलवर राहायची, काचेच्या बरण्यांत शेवाळ आणि फर्न लावून विकायची. ती शेवाळ आमच्या नर्सरीतनं न्यायची, तशी आमची ओळख. हॉस्टेलच्या बाईंना खजूर सापडला, बाईंनी आरडाओरडा केला, आणि ताईची परीक्षा संपून हॉस्टेल सुटायला सहा आठवडे. तोवर त्याला ठेवायचा कुठं? तिनं मला विचारलं, कारण तिनं डबी दाखवली तेव्हा मी किंचाळले नव्हते. मी म्हटलं होतं, याचा डावीकडचा तिसरा पाय आखूड आहे. ती म्हणाली, "तीन महिने माझ्याकडं आहे, मला नाही दिसलं."

मी लगेच हो म्हटलं. का, ते सांगते.

मी तेव्हा सोळाची. दहावी अर्ध्यात सोडून घरी बसले होते. वर्गात एका मुलीला कंपासपेटी फेकून मारली, तिच्या कपाळाला टाका पडला. शाळेनं अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावलं. अण्णांनी सगळ्यांसमोर मला माफी मागायला लावली. मी मागितली, आणि दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. त्यानंतर शिवणक्लास, नऊ दिवस. पार्लरचा कोर्स, पंधरा. टायपिंगच्या बाईंशी तर पहिल्याच दिवशी वाजलं. नाव अबोली, आणि तोंड बघा हिचं, असं आमच्याकडं येणारं प्रत्येक माणूस एकदा तरी म्हणून जायचं, आणि दर वेळी त्याला वाटायचं की हा विनोद आपल्यालाच सुचला.

मला फक्त एक गोष्ट हवी होती. कलमाच्या बाकावर जागा. गुलाबावर डोळा बांधायचा, आंब्याला काडी बसवायची, ते काम अण्णा स्वतः करायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"तुला नाही जमायचं," ते म्हणायचे. "कलम बांधलं की एकवीस दिवस त्याच्याकडं बोट करायचं नाय. तू लहानपणी काड्या उपटून बघायचीस, मुळं फुटली का म्हणून. तशीच राहिलीस. बूड टेकत नाय तुझं."

जूनपासून मला एका निवासी शाळेत पाठवायचं ठरत आलं होतं. फॉर्म टीव्हीवर पडलेला. मी भांडले, जेवले नाही, ताट सरकवलं. शेवटी खजुराचं निघालं तेव्हा अण्णा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बरं. हे तडीस ने. सहा आठवडे. ती पोरगी परत आली आणि म्हणाली, चांगला ठेवला, तर तू इथं राहा, मी तुला कलमाचा चाकू देतो. आणि मेला नाहीतर तिनं मधेच उचलून नेला, तर बॅग भरायची. तेव्हा तोंड उघडायचं नाय."

"कबूल."

"कबूल म्हणायला काय जातंय."

तेव्हा तो डबा म्हणजे माझा जून होता.

पहिले दोन दिवस मी खरंच हात लावला नाही. डबा आतल्या खोलीत खिडकीपासून लांब, शिलाई मशिनवर ठेवला. खजूर झाकणाला उलटा लटकलेला. तिसऱ्या दिवशी पण तिथंच. चौथ्या दिवशी कोपरा बदलला होता, पण वरचाच. खाली मातीवर एक पाऊल नाही. माती मी जशी थापली होती तशी, वर रेघसुद्धा नाही.

ताईला फोन लावला.

"अजून वरच आहे."

"राहू दे की. चारच दिवस झालेत."

"पण त्याचे पाय थरथरतात. मी बघितलं."

"तू बघतेस कशाला? आठ दिवस सोड म्हटलंय ना."

फोन ठेवला आणि मला असं झालं की भिंतीवर डोकं आपटावं. मी म्हणते थरथरतोय, आणि ती म्हणते बघू नको. डोळे काढून ठेवू का?

मग मी सुरू झाले. वाटलं, माती ओली असेल, म्हणून झाकण अर्धा दिवस उघडून वर जाळी बांधली. नाही उतरला. वाटलं, कोरडी झाली, म्हणून चार चमचे पाणी सोडलं. नाही. उजेड नको असेल म्हणून डब्यावर आईचं जुनं ब्लाऊजपीस टाकलं. मग वाटलं उकडत असेल, एप्रिल संपत आलेला, पत्र्याचं छप्पर, म्हणून डबा माठाशेजारी नेला. आई म्हणाली, "पाण्याशेजारी ते ध्यान नको गं माझ्या." परत मशिनवर. साल उभी केली, आडवी केली. आणि दर वेळी, झाकण उघडलंच आहे तर, ब्रशनं त्याला खाली उतरवायची. अलगद, ताईनं शिकवलं तसं. तो मातीवर यायचा, पाय उचलायचा, आणि मी झाकण लावायच्या आत पुन्हा भिंतीवर.

"बस की रे," मी म्हणायचे. "घर केलंय तुझ्यासाठी. बस की."

अण्णा दारातनं बघून जायचे. एकदा म्हणाले, "सारखी मिळाली तुला जोडी. त्याचं पण टेकत नाय."

मी ब्रश फेकला. तो त्यांना लागला नाही, पण फेकला ते त्यांनी पाहिलं. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मग मलाही बोलता आलं असतं.

सातव्या दिवशी दुपारी ताई न सांगता आली. येताना एका काड्यापेटीत चार बारके रातकिडे घेऊन आली होती. खजुराचं जेवण. म्हणाली, "भुकेला असेल तर वासानं उतरेल." आतल्या खोलीत आली, डब्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. खजूर बारीक झाला होता. त्याचं मागचं गोल अंग सुकल्या मनुक्यासारखं दिसायला लागलेलं. मला रोज दिसत होतंच, पण तिच्या तोंडावर बघितल्यावर जास्त दिसलं.

तिनं झाकण उघडलं आणि मान मागं घेतली.

"ई. कसला वास येतोय गं याला?"

"कसला?"

"कडवट काहीतरी. कुजल्यासारखा. तुला नाही येत?"

"नाही."

"एवढा येतोय की." तिनं पुन्हा वाकून बघितलं आणि नाकाला ओढणी लावली. "खोलीतच येतोय, अगं. तुझ्या…"

तिनं वाक्य पुरं केलं नाही. पण तिचं बोट माझ्या बाहीकडं वळलं होतं. मी पाहिलं.

त्यानंतर मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की आवाज चढला नव्हता. मी म्हटलं, आमच्याकडं असाच वास असतो. नर्सरी आहे ही, अत्तराचं दुकान नाही. नाकाला ओढणी लावून यायचं असेल तर यायचंच कशाला. ती म्हणाली, "अगं, मी तुला नाही म्हटलं, मातीला म्हटलं. माती बदलून तरी बघूया." मी म्हटलं, "तीन पिढ्या माती कालवतोय आम्ही. बरण्यांत शेवाळ चिकटवणाऱ्यांनी आम्हाला माती शिकवू नये."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ओढणी खाली घेतली, काड्यापेटी मशिनवर ठेवली. "उद्या सकाळी मी डबी घेऊन येते आणि त्याला नेते," ती म्हणाली. "हॉस्टेलवर काय व्हायचं ते होऊ दे. तुझ्यावर राग नाही माझा. पण तो मरेल इथं."

ओटीवर अण्णा पावतीपुस्तक घेऊन बसलेले. स्कूटी गेल्यावर आत आले, टीव्हीवरचा फॉर्म उचलला, खिशात घातला.

माझं डोकं फिरलं. फॉर्मनं नाही, अण्णांनी नाही. खजुरानं. एवढं सगळं त्याच्यासाठी, आणि त्याला साधं बसता येईना. दोन पायांच्या माणसांना नाही जमत तर निदान आठ पायांच्याला जमावं. मी झाकण उघडलं, त्याला ब्रशनं खाली आणला, आणि तो वळायच्या आत त्याच्यावर काचेचा पेला पालथा घातला. मातीत दाबून.

"आता बघू कसा चढतोस. बस गुमान."

काड्यापेटीतले रातकिडे पण डब्यात ओतले, पेल्याबाहेर, म्हणजे त्याला दिसावेत, भूक लागावी, पेला काढला की लगेच धरावेत. झाकण लावलं आणि पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले.

अर्धा तास गेला असेल. जास्त नाही, कारण बाहेर टँकर यायचा तो अजून आला नव्हता. उठून बघितलं.

खजूर काचेवर चढून पेल्याच्या वरच्या बुडाला जाऊन चिकटला होता. पण नीट नाही. आठांतले पाचच पाय टेकलेले, तीन लोंबत होते आणि आतल्या बाजूला वळायला लागले होते, मूठ मिटावी तसे. आणि पेल्याच्या बाहेर, डब्याच्या झाकणाला, चार रातकिडे. चारही उलटे. एका ओळीत म्हणावं तसे, जमिनीपासून जितकं लांब जाता येईल तितके लांब.

मी पेला काढला. खजूर काचेवरनं कसाबसा भिंतीवर आला, ओढत ओढत झाकणाला गेला, आणि त्या चौघांच्या मधे जाऊन थांबला. एका रातकिड्याची मिशी त्याच्या पायाला लागत होती. सात दिवसांचा उपाशी कोळी, आणि तोंडाशी आलेलं जेवण. त्यानं त्याला धरलं नाही. रातकिडापण पळाला नाही. दोघं शेजारी शेजारी लटकले.

मी तशीच उभी राहिले.

त्यांचं एकमेकांचं वैर नंतर. त्याच्याआधी पाचही जणांना खालची जमीन नको होती.

मी नाक डब्यात घातलं. जोरात श्वास घेतला. काही नाही. मातीचा वास, आमच्या घराचा वास, काहीच नाही. मग आठवलं. कोकोपीट मी ढिगातनं घेतलं होतं. आणि आमच्या ढिगात, कोकोपीटच्या विटा भिजवून फोडल्या की पहिलं फावडं कशाचं पडतं? निंबोळी पेंडीचं. आजोबांच्या वेळेपासून. कीड लागू नये, हुमणी अळी होऊ नये, मुंगीनं घर करू नये म्हणून. कुणी विचारलं की मातीत काय काय घालता, तर आम्ही शेणखत सांगू, पोयटा सांगू, पेंड सांगणार नाही, कारण ती घातली असं आम्हाला वाटतच नाही. भाकरीत काय घालता म्हटल्यावर कुणी पाणी सांगतं का? "काही मिसळलेलं नाही ना," ताईनं विचारलं होतं. मी म्हटलं, आमचंच आहे.

किडीला पळवून लावायचं म्हणून जे पिढ्यान्‌पिढ्या कालवलं, त्याच्यावर मी एका किड्याला घर करून दिलं होतं. वर पाणी शिंपडून, झाकण लावून, उन्हाळ्यात. आणि रोज ब्रशनं खाली ढकलत होते.

मी पळत गोडाऊनला गेले. वेष्टनातली न फोडलेली कोकोपीटची वीट काढली, बादलीत टाकली, पाणी सोडलं. ती फुगेपर्यंत मला दम नव्हता, हातानं चुरायला लागले. बोटं सोलली. अण्णा नळीनं रोपांना पाणी घालत होते, आवाजानं आले.

"काय चाललंय?"

"माती."

"वीट कशाला फोडलीस? ढीग आहे की." आणि बोलता बोलता त्यांचा हात शेजारच्या पोत्यात गेला, मूठभर पेंड घेतली, आणि मूठ बादलीवर आली. बघितलंसुद्धा नाही त्यांनी. हाताला सवय.

मी त्यांचं मनगट धरलं.

"नको अण्णा."

"बिनपेंडीचं? बुरशी धरंल."

"धरू दे."

"अगं, कीड होईल."

"कीडच ठेवायचीय त्यात."

अण्णा थांबले. मुठीकडं बघितलं. मग बादलीकडं, मग माझ्याकडं. अण्णांना एखादी गोष्ट कळायला वेळ लागत नाही, कबूल करायला लागतो. त्यांनी पेंड पोत्यात परत टाकली, पॅंटला हात पुसले, मग थबकले आणि जाऊन हौदावर साबणानं धुतले.

"डबा पण धू," ते म्हणाले. "साल नको ती. पेंड मुरली असंल तिच्यात. नवीन नारळाची करवंटी घे."

डबा तीनदा धुतला. खजुराला तोवर आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला, रातकिडे परत काड्यापेटीत. नवं कोकोपीट धुऊन, पिळून, चार बोटं थापलं. करवंटीचा तुकडा पुरला. झाकणात पाणी. मी ब्रश उचलला, आणि माझा हात पुढं जाईना.

"काय झालं?" अण्णा म्हणाले.

"मी त्याला ढकलणार नाही आता."

"मग?"

"बरणी आडवी ठेवते डब्यात. यायचं तर येईल."

बरणी आडवी ठेवली. आम्ही दोघं पलंगाच्या कडेला बसलो. बाहेर टँकर आला, भरून गेला. दिवेलागण झाली. आईनं देवापुढं दिवा लावला. अण्णा उठले नाहीत. मी पण नाही. अर्धा तास, पाऊण तास. बरणीच्या तोंडाशी एक पाय आला. मातीवर टेकला. तो पाय तिथंच राहिला. दुसरा आला. पाय उचलले नाहीत त्यानं. सावकाश सगळा बाहेर आला, मातीवर पोट टेकून चालत झाकणातल्या पाण्याशी गेला, आणि तोंड बुडवून तसाच पडून राहिला, किती तरी वेळ. मग करवंटीखाली गेला आणि आतनं बारीक बारीक मातीचे कण बाहेर यायला लागले.

"खणतोय," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. लहान पोरासारखा.

"हं."

"तुला कसं कळलं गं?"

"ताई म्हणाली होती. वास येतो म्हणून."

"कसला वास?" त्यांनी स्वतःचा हात हुंगला, मग शर्टाची बाही हुंगली. "मला तर काय येत नाय."

"आपल्याला नाही येत अण्णा. बाकीच्यांना येतो."

"बाकीच्यांना म्हणजे?"

मी करवंटीकडं बघत होते. आणखी एक कण बाहेर आला.

"वर्गात," मी म्हटलं.

अण्णा काही बोलले नाहीत. म्हणून मला बोलता आलं. नववीत सरांनी माझा बाक उचलून दाराशी नेला. म्हणाले, तू जरा हवेशीर बस. वर्ग हसला. माझ्या शेजारी कुणी बसेना. हजेरीत माझं नाव आलं की मागनं कुणीतरी "पेंड" म्हणायचं. मी सकाळी दोनदा आंघोळ करायचे, आई पाण्यावरनं ओरडायची. दप्तर धुवायचे. मला स्वतःला वास येत नव्हता, तेव्हा गेला की नाही ते पण कळायचं नाही. आणि त्या मुलीनं त्या दिवशी माझ्या डब्यातली पोळी हुंगून दाखवली होती, सगळ्यांना. त्यावर कंपासपेटी.

"मला नाय सांगितलंस," अण्णा म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाही. माफी माग म्हणालात."

आई दारात उभी होती. ती कधी आली कळलं नाही. अण्णा उठले आणि बाहेर गेले. हौदावर पाण्याचा आवाज येत राहिला, किती तरी वेळ.

सकाळी आठलाच सानिकाताई आली, हातात डबी, डोळे सुजलेले. मी काही बोलायच्या आत तिनं डब्याकडं बघितलं. करवंटीच्या तोंडाशी पांढऱ्या रेशमाचा पातळ पडदा विणलेला होता आणि त्यामागं खजूर बसलेला. मातीवर, आठही पाय टेकून. रात्री परत सोडलेल्या चार रातकिड्यांतले तीनच उरले होते, आणि आता ते डबाभर पळत होते.

"काय केलंस?" ती म्हणाली.

"माती बदलली. तू म्हणालीस तसं." मग म्हटलं, "काल मी जे बोलले ते…"

"मी पण ओढणी लावायला नको होती."

"लावली तर लावली. येत होता वास."

तिनं रिकामी डबी पिशवीत परत ठेवली. अण्णा दाराशी उभे होते. त्यांनी खिशातनं फॉर्म काढला, माझ्या हातात दिला. "त्यांना फोन करून सांग, यंदा येत नाय म्हणून. तूच सांग. आणि भांडू नको, त्यांनी काय केलेलं नाय." मग जरा थांबून, "दहावीचं तू बघ. बाहेरनं बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरू. नसंल बसायचं तर नको. सोमवारपासून कलमाच्या बाकावर ये."

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. खजूर सहा आठवड्यांनी ताईकडं गेला, आणि दहावी मी बाहेरनं बसून दुसऱ्या फटक्यात काढली. माझ्या हातची गुलाबाची कलमं आज कुठं कुठं जातात. पण त्या सकाळचं माझ्या लक्षात राहिलंय ते वेगळंच.

ताई स्कूटीला किल्ली लावत होती. अण्णा तिच्या मागं गेले. मला वाटलं, शेवाळाचं काही सांगायचं असेल. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून. त्या हातांची कातडी साबणानं लाल झाली होती.

"बाळा, खरं सांग," ते म्हणाले. "वास येतो का गं?"

ताईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग वाकून त्यांच्या तळव्यांवर नाक नेलं, नीट, वेळ घेऊन.

"येतो, काका."

अण्णांनी हात मागं घेतले नाहीत. तसेच धरून उभे राहिले.